शब्दाचं शेपूट

“अहो, हापशाचा आवाज येतोय का तुम्हाला?”

हे दाढी करत होते. एका गालावर साबण, दुसरा मोकळा. हात थांबवून त्यांनी खिडकीकडे कान केला आणि म्हणाले, “नाही बुवा.”

“कालही नव्हता. परवाही नव्हता.”

“ऊन बघ केवढं पडतंय. रात्रीच्या गारव्याला भरून नेत असतील.”

“गारवा कुठे आहे इथे? आणि मी काय घोरत पडलेली असते का? रात्रभर ओली चादर पांघरून जागीच असते. एक बादली वाजलेली ऐकली नाही मी.”

ह्यांनी उरलेला गाल उरकायला घेतला. कोंडीत सापडलं की हातातलं काम नेटाने करायचं, ही ह्यांची जुनी रीत. मी मात्र खिडकीपाशीच उभी राहिले. समोर अंगण, अंगणात हापसा, आणि त्याच्याभोवतीचा चिखलसुद्धा वाळून त्याला भेगा पडलेल्या. ऐन उन्हाळ्यात हापशाभोवती चिखल नाही, असं ह्याआधी कधी झालं नव्हतं.

मिशनने आम्हाला ह्या देशात पाठवलं त्याला तिसरा उन्हाळा. हे उपदेशक, मी नर्स. पत्र्याचं एक प्रार्थनाघर, दोन खोल्यांचा दवाखाना, आमचं घर, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध हापसा. उन्हाळा चढला की नदी आटते, वस्तीतल्या विहिरींत नुसता गाळ उरतो, आणि आमचा हापसा तेवढा पाणी देतो. मग उजाडायच्या आत सगळी वस्ती आमच्या दारात. दांड्याचं ते खडांग खडांग, बादल्यांची आदळआपट, आणि त्या सगळ्यावर मुकादमीणबाईंचा आवाज. मुकादमीण हे नाव मी ठेवलेलं. वस्तीतली ही पन्नाशीची बाई कोणी न नेमता रांगेची मालकीण झाली होती. कोणी मध्ये घुसलं की ती अशी काही ओरडायची की माझ्या कपाटातल्या बाटल्या हलायच्या. गेल्या वर्षी मी त्या गोंगाटाला कंटाळून डोक्यावर उशी दाबून झोपत होते. आता तोच आवाज कानावर पडावा म्हणून जीव टांगणीला लागला होता.

साखळीचं काही मनाला लागलं असेल का, असं एकदा वाटून गेलं. हापसा बघणारा मिस्त्री गेल्या आठवड्यात येऊन गेला होता. पाणी खाली उतरलंय, म्हणाला; दुपारचा त्याला विसावा द्या, म्हणजे झिरपून पुन्हा चढेल, नाहीतर पावसाच्या आत कोरडा पडेल. म्हणून रविवारी उपासना संपताना ह्यांनी तसं जाहीर केलं आणि दुपारपुरती दांड्याला साखळी घातली. सकाळ-संध्याकाळ तर तो मोकळाच होता. सोमवारी सकाळी साखळी निघाली, पण माणूस एक फिरकलं नाही. मंगळवारीही तेच. आज बुधवार.

दवाखान्यात जाऊन बसले. हा उन्हाळाही काय चीज आहे. टेबलावर ठेवलेल्या थर्मामीटरलाच ताप भरलेला असतो. आधी त्याला गार पाण्यात बुडवून खाली आणायचं आणि मग पेशंटच्या जिभेखाली ठेवायचं. मलमाचं तेल झालेलं. पत्रा डोक्यावर तडतडत होता. ह्या दिवसांत बाकड्यावर बूड टेकायला जागा नसते. जुलाबाची पोरं, घोळणा फुटलेले म्हातारे, भोवळ आलेल्या बायका. आणि आज बाकडं रिकामं. माणसं आजारी पडायची थांबली, असं थोडंच असतं?

आणि खरं सांगायचं तर माझा जीव सगळ्या वस्तीसाठी खालीवर होत नव्हता. तो एकीसाठी होत होता. मुकादमीणबाईंची सून, धाकटी. दवाखान्याची झाडलोट करायची, बाटल्या उकळून ठेवायची, आणि काम करताना सारखी हसायची. मी त्यांच्या भाषेत काही बोलले की हिला हसू. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, नवरा उन्हाळ्यापुरता कामाला शहरात गेलेला. गेल्या आठवड्यात तिचे पाय सुजलेले दिसले म्हणून मी ब्लडप्रेशर घेतलं. चढलेलं होतं. गोळी दिली, झाडू काढून घेतला आणि बजावलं, रोज यायचं, नुसतं पट्टा बांधून घ्यायला यायचं, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले तर पळत यायचं. ती हसली. “पळू कशी?” म्हणाली. शनिवारी आली होती. त्यानंतर नाही.

दहाच्या सुमाराला हे दाराशी येऊन उभे राहिले. हातात साखळीच्या कुलपाची किल्ली, नुसतीच ह्या हातातून त्या हातात.

“अगं, आपलं काही चुकलं का?”

“मला काय विचारता? तुमच्याशी बोललं का कोणी?”

“वस्तीच्या शाळेतले मास्तर दिसले मघाशी रस्त्यावर. मान हलवली आणि पुढे गेले. एरवी अर्धा तास सोडत नाहीत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “गेल्या वर्षी त्या डोंगरापलीकडच्या मिशनचं काय झालं, आठवतंय ना? लोकांनी एका रात्रीत बिऱ्हाड उचलायला लावलं होतं.”

“ते त्या मिशनवाल्यांनी जमिनीवरून भांडण काढलं होतं. आपण कोणाशी भांडलोय?”

“तेच तर समजत नाही.”

ह्यांचा चेहरा बघून मला एरवी दया आली असती. पण माझ्या डोक्यात धाकटीचे सुजलेले पाय होते. मी ब्लडप्रेशरचं मशीन पिशवीत घातलं आणि छत्री उचलली.

“ह्या उन्हात कुठे निघालीस?”

“मग काय चंद्र उगवायची वाट बघू?”

वस्तीकडे जायची वाट नदीच्या पात्रातून जाते. पात्रात बायकांनी खड्डा खणला होता आणि त्याच्याभोवती त्या बसल्या होत्या. तळाला गढूळ पाणी साचायचं, ते वाटीने भरून घागरीत ओतायचं, मग पुन्हा साचायची वाट बघायची. त्यांतल्या निम्म्या माझ्या ओळखीच्या. एकीचं बाळंतपण मी केलेलं. एकीच्या हातावर माझेच टाके. त्यांनी मला नमस्कार केला, अगदी रीतसर, परक्या माणसाला करतात तसा. मग सरकून मला वाट दिली आणि पुन्हा खड्ड्याकडे वळल्या. कोणी थट्टा केली नाही, कोणी माझ्या छत्रीला नाव ठेवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

मुकादमीणबाई झोपडीच्या दारातच बसल्या होत्या. दोन्ही हातांना चिखल. मला बघून उठल्या, सावलीत बसायला जागा करून दिली. पाणी मात्र विचारलं नाही, आणि ते न विचारणं त्यांना जड गेलं हेही मला दिसलं.

“मावशी, धाकटी कुठे आहे?”

“आत झोपलीय. डोकं दुखतंय म्हणते.”

“कधीपासून?”

“कालपासून. उन्हाचं असेल. खड्ड्यावरून दोन खेपा केल्या तिने.”

“खेपा? पाण्याच्या? मी तिला झाडूसुद्धा उचलू देत नव्हते. आणि दारात हापसा असताना त्या खड्ड्यावर कशाला जायचं? कोणी अडवलंय का तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी सोंग करतेय की काय, हे त्या पारखत होत्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “बाई, आम्हाला राग नाही. पाणी ज्याचं त्याचं असतं. तुमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पाणी कमी झालंय, ते आम्हाला पुरलं पाहिजे, म्हणून साखळी घालतोय. खोटं कशाला बोला, वाईट वाटलं. पण निदान तोंडावर सांगितलं. नाही म्हटल्यावर पुन्हा दारात जाऊन उभं राहायचं नाही, एवढं आम्हाला कळतं.”

“असं म्हणाले? आम्हाला?”

“आम्हाला,” त्या म्हणाल्या. आणि हे जसं म्हणाले असतील तसाच तो शब्द त्यांनी म्हणून दाखवला, आखूड, शेवट गिळून.

आता हे समजावून सांगायला हवं. इथल्या भाषेत आपल्यासारखीच दोन रूपं आहेत. एक आपण, ज्यात ऐकणाराही आला. आणि एक आम्ही, ज्यात ऐकणारा बाहेर. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी ह्यांना कोण आनंद झाला होता. इतर देशांतून आलेल्या मिशनऱ्यांच्या भाषांत दोन्हींना मिळून एकच शब्द, त्यामुळे त्यांच्या डोक्यात हा फरक वर्षानुवर्षं शिरत नाही. आम्हाला तो आईच्या दुधातून आलेला. दरवर्षीच्या मेळाव्यात हे फळ्यापुढे उभे राहून त्या बिचाऱ्यांना आपण आणि आम्ही शिकवायचे, आणि मी मागे बसून मनात म्हणायची, किती तो तोरा. पण इथे ह्या दोन शब्दांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा. शेवट लांबवला की आपण. आखूड ठेवला की आम्ही.

आणि आमच्या ह्यांना शब्दाचं शेपूट गिळायची सवय. मला बघायला आले होते तेव्हा जाताना चहाबद्दल काहीतरी म्हणाले. ‘चहा छान’ एवढं ऐकू आलं, पुढचं ‘होता’ की ‘नव्हता’ ह्यावर आमच्या घरात रात्रीपर्यंत वाद चालला. मराठीत ते खपून गेलं. सासूबाई तर म्हणायच्या, ह्याचं अर्धं वाक्य पोटात असतं. त्यात उन्हाळा आला की ह्यांना दम लागतो, मग वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत श्वास संपलेला. रविवारी मी तिथेच होते, भोवळ आलेल्या एका म्हातारीला वारा घालत. मी स्वतःच्या कानांनी ते वाक्य ऐकलं आणि मला काही वावगं वाटलं नाही. एवढी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याने गिळलेली शेपटं बायकोचा कान आपोआप जोडून घेतो. वस्तीला तशी सवय कुठून असणार?

“मावशी,” मी म्हटलं, “त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. शपथ.” आतून धाकटी कण्हली आणि मी उठलेच.

आत अंधार होता. डोळे सरावल्यावर तिचा चेहरा दिसला. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. बोटं टम्म फुगलेली. मला बघून ती हसायला गेली.

“पोरी, डोळ्यांपुढे काही चमकतं का?”

“काजवे,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणाला होता तसे.”

“मग आली का नाहीस?”

ती सासूकडे बघत राहिली. मी पट्टा बांधला. पहिल्यांदा माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा हवा भरली. एकशे ऐंशीच्या वर. आता कोणत्याही क्षणी झटके येतील, आई जाईल, बाळ जाईल, आणि मोठं हॉस्पिटल गाडीने दोन तासांवर. पोटावर कान लावला. माझंच काळीज एवढं धडधडत होतं की आतलं काही वेगळं काढता येईना.

“हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्यायला हवं. मी गाडी घेऊन येते.”

मुकादमीणबाई दार अडवून उभ्या राहिल्या. “तुमची गाडी?”

“हो, मिशनची.”

“नको. बैलगाडी मिळते का बघते.”

“बैलगाडीला रात्र होईल. एवढा वेळ नाहीये.”

“बाई, पाणी तुमचं, औषध तुमचं, गाडी तुमची. तुम्ही आज द्याल. उद्या साहेब सगळ्यांसमोर उभे राहून सांगतील, गाडी आम्हाला पुरली पाहिजे. तेव्हा मी कुठे तोंड लपवू?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. इथे मला एका शब्दावर सगळं तोलायचं होतं, आणि माझी तरी जीभ त्या भाषेत कुठे एवढी सरावलेली? धाकटी रोज हसायची ती उगाच नाही. मी श्वास घेतला आणि लहान मूल पाढे म्हणतं तसं, शेवटचा स्वर पार खेचून म्हणाले, “आपण जाऊ, मावशी. आपण हिला घेऊन जाऊ.”

तो स्वर मी फारच लांबवला असणार, कारण त्या अवस्थेतही धाकटीला हसू फुटलं. मुकादमीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “जा. लवकर या.”

परतीच्या वाटेवर मी छत्री कुठे टाकली ते मला आजही आठवत नाही. हे अंगणातच हापशाला दुपारची साखळी घालत होते. मी धापा टाकतच सांगितलं, गाडी काढा, धाकटीला न्यायचंय, आणि दवाखान्यातून झटके थोपवणारी मॅग्नेशियमची इंजेक्शनं गोळा करता करता उरलेलंही सांगून टाकलं. सौम्यपणे सांगायला हवं होतं, कबूल. पण मला तेव्हा सौम्यपणा सुचला नाही.

“आम्हाला म्हणालात तुम्ही. आपल्याला नाही, आम्हाला. पाणी आम्हाला पुरलं पाहिजे. तीन दिवस ती माणसं खड्ड्यातला चिखल पिताहेत.”

ह्यांचा हात गाडीच्या दारावर तसाच राहिला. “मी? अगं, मी तर मेळाव्यात…”

“मेळाव्यात शिकवता, माहितीये. चला आता.”

वस्तीत पोचल्यावर मी तिथेच धाकटीच्या दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं दिली, आणि आम्ही तिला मागच्या सीटवर घेतलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय सासूच्या मांडीवर. गाडी सुरू झाल्यावर ह्यांनी एकदा मागे वळून मुकादमीणबाईंशी बोलायला तोंड उघडलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हे पुन्हा पुढे बघायला लागले.

त्या दोन तासांचं काय सांगू. खिडक्या उघड्या ठेवल्या तर भट्टीचा वारा, लावल्या तर जीव गुदमरणार. मी ओला फडका तिच्या कपाळावर ठेवायची आणि वळून दुसरा भिजवेपर्यंत पहिला सुकलेला. इंजेक्शन जास्त तर झालं नाही ना, म्हणून दर थोड्या वेळाने गुडघ्यावर टिचकी मारून बघत होते, श्वास मोजत होते. गाडी खड्ड्यातून गेली की तिला झटका आला असं वाटून मीच दचकायची. आणि पुढून एक बारीकसा आवाज येत होता. आधी वाटलं इंजिनाचा. मग कळलं, हे पुटपुटताहेत. प्रार्थना असेल म्हणून मी कान दिला, तर तो एकच शब्द. शेवट लांबवून. पुन्हा. पुन्हा. मुकादमीणबाईंनाही ऐकू येत असणार. त्यांनी मान वळवली नाही.

अर्ध्या वाटेच्या पुढे खरंच झटका आला. गाडी थांबवायला लावली, तिला कुशीवर वळवलं, जीभ दातांखाली येत नाही ना ते बघितलं. मिनिटभरच असेल. मुकादमीणबाई तिचे पाय घट्ट धरून बसल्या होत्या आणि ह्यांना म्हणाल्या, “थांबू नका. चालवा.” रविवारनंतर त्या ह्यांच्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ह्यांनी गाडी अशी काही हाणली की मला एरवी ओरडावंसं वाटलं असतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई तयारीच्या होत्या. धाकटीला आत नेलं. आम्ही तिघं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. पंखा होता, पण तो गरम हवाच ढवळत होता. धाकटीचं माहेर त्याच गावात. निरोप गेला आणि तिची आई धावत आली, तीही आमच्यात येऊन बसली. मायदेशाहून आमच्या लेकीचा फोन आला, “आई, तिकडे फार गरम आहे का गं?” मी म्हटलं, आहे थोडं, नंतर बोलते.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आई वाचली. दोन दिवस जपायला हवं, पण वाचली. मुलगा होता. पोटातच गेला होता.

“रविवारी, सोमवारी आणायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. कोणाला दोष द्यायला नाही. आम्ही नर्सा-डॉक्टर सगळ्यांनाच सांगतो तसं, पुढच्या वेळेला लक्षात राहावं म्हणून. पण ते वाक्य आम्हा चौघांच्या मध्ये येऊन पडलं आणि कोणालाच उचलता येईना.

मी ह्यांच्यावर दिवसभर जळत होते. तेव्हा मात्र त्यांच्याकडे बघवलं नाही. पाद्री माणूस. लोकांच्या दुःखात दोन शब्द बोलायचे हे ज्याचं काम, तो तोंड उघडत होता आणि मिटत होता. शेवटी ते मुकादमीणबाईंपुढे खाली फरशीवर बसले.

“मावशी, त्या दिवशी मला म्हणायचं होतं…” आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. हळू, पूर्ण, पाणी आपल्याला पुरलं पाहिजे. शब्द आता अगदी बरोबर होता. तेवढ्याने काय होणार होतं?

“बाईंनी सांगितलंय,” मुकादमीणबाई म्हणाल्या. मग उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्याला इथे ठेवायचं नाही. घरी न्यायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीजवळ तिची आई राहिली आणि आम्ही निघालो. बाळ मुकादमीणबाईंच्या मांडीवर, हॉस्पिटलच्या पांढऱ्या कापडात. निघण्याआधी मी धाकटीला भेटले. तिला सगळं कळलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, माझा आवाज ऐकूनही वळली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. आपल्या भाषेतलं काही आठवेना आणि त्यांच्या भाषेतलं काही बोलायची छाती होईना.

वस्तीच्या मागे एक उघडं माळरान आहे, तिथे ती माणसं आपली माणसं पुरतात. कर्ते पुरुष सगळे शहरात कामाला गेलेले. एक म्हातारा कुदळ घेऊन आला. त्याने घाव घातला तर कुदळ टणकन उडाली. जमीन नुसती विटेसारखी भाजलेली होती. दुसरा घाव, तिसरा घाव. वरचे टवके तेवढे उडाले. ह्यांनी त्याच्या हातातून कुदळ घेतली. ह्यांना कुठली सवय. थोड्याच वेळात तळहात सोलले, धाप लागली, आणि खड्डा पाहिला तर ताटलीएवढा. बायका लांब उभ्या होत्या. बाळाला उन्हात फार वेळ ठेवणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं.

मुकादमीणबाई उठल्या. बाळ त्यांनी माझ्या हातात दिलं, घरातून दोन बादल्या आणल्या आणि सरळ आमच्या अंगणाच्या दिशेने चालू लागल्या. हे कुदळ टाकून त्यांच्या मागे गेले. दुपारची वेळ, दांड्याला कालची साखळी तशीच. माळावरून आमचं अंगण दिसतं. ह्यांनी खिसे चाचपले, किल्ली कुलपात घातली, ती दोनदा चुकली. मग साखळी निघाली आणि हापशाचं खडांग खडांग सुरू झालं. ते ऐकून बायकांनी माना वळवल्या. मी कापडातला तो हलका जीव छातीशी धरून उभी होते आणि पहिल्यांदाच मला रडू आलं.

दोघं आले. पुढे मुकादमीणबाई, डोक्यावर बादली, एक थेंब न सांडता. मागे हे, दोन्ही हातांनी दुसरी बादली ओढत, निम्मं पाणी पँटवर. मुकादमीणबाईंनी आपली बादली खड्ड्यात ओतली. पाणी क्षणभर चमकलं आणि दिसेनासं झालं. ह्यांनी आपली ओतली. तीही तशीच जिरली. मुकादमीणबाईंनी वाकून बोटाने माती दाबून बघितली, मऊ झालीय का ते. मग उठून दोन्ही रिकाम्या बादल्या ह्यांच्या हातात दिल्या.

“अजून आणा,” त्या म्हणाल्या.